पायडलावरचें पाऊल

पादत्राणांचा शोध मनुष्यानें लावला तो चालण्यासाठीं. कांटा मोडूं नये, उन्हानें तळवा भाजूं नये, दगडानें पाय सोलूं नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती, आणि हजारों वर्षें ती त्यांनीं पुरी केली. पुढें एकोणिसाव्या शतकांत सायकल आली आणि पादत्राणाच्या माथीं एक नवेंच काम पडलें. सायकलीवर बसलेल्या मनुष्याचें पाऊल जमिनीवर पडत नाहीं; तें पडतें चार बोटें रुंदीच्या आणि सतत फिरत राहणाऱ्या एका पट्टीवर. जमीन आपल्या जागीं स्थिर असते. पायडल तसें नसतें. तरीही बुटांच्या दुकानांत शिरणारा गृहस्थ अजून चालणाऱ्याचाच प्रश्न विचारतो, कीं हा जोड टिकेल किती दिवस? हा पायडलावर पाय धरून ठेवील काय, असें विचारणारा विरळा. या दोन प्रश्नांचें एकमेकांशीं थोडें वैर आहे. तें वैर कशामुळें आहे आणि संसारी माणसानें तें मिटवावें कसें, याचा विचार आज करावयाचा आहे.

या विचाराला काटोलसारखें गांव फार सोयीचें आहे. नागपूर जिल्ह्यांतील हा तालुका संत्र्यांच्या बागांसाठीं सर्वांना ठाऊक आहे. जाम नदीच्या कांठची काळी, चिकण जमीन. नागपुराहून इटारसीकडे जाणारा लोहमार्ग. आणि पारडसिंगा, कोंढाळी अशा गांवांकडून येणारे रस्ते. या रस्त्यांवर मोटारी आणि मोटार-सायकली कितीही वाढल्या, तरी शाळेंत जाणारीं मुलें, बागेंत कामाला जाणारा मजूर आणि दुधाच्या बरण्या अडकवून निघालेला गवळी यांची सायकल कांहीं सुटलेली नाहीं. मृगाचा पाऊस पडला म्हणजे बागेच्या वाटेवरची काळी माती बुटाच्या तळाला अशी चिकटते, कीं दहा पावलांत बूट दुप्पट जड व्हावा. त्याच बुटानें मनुष्य सायकलीवर चढतो, आणि पायडल आधींच पावसानें ओलें झालेलें असतें.

अशा वेळीं होतें तें असें. पाठीवर दप्तर घेतलेली एखादी मुलगी पुलाजवळचा चढ चढण्यासाठीं बैठकीवरून उठते आणि सगळा भार पायडलांवर टाकते. चवड्याखालचें पायडल एकाएकीं निसटतें. पाय पुढें सरकून खालीं येतो. रिकामें झालेलें पायडल गरकन् फिरून नडगीवर आदळतें. शरीर दांडीवर येतें आणि हँडल एका बाजूला वळतें. नशीब चांगलें असेल तर नडगीची साल जाते आणि गणवेश मळतो. पण मागून संत्र्यांचा ट्रक येत असेल, तर त्या अर्ध्या क्षणाचें मोल कोणत्याही दुकानांतील पावतीवर लिहितां येणार नाहीं. बुटाच्या पकडीचा प्रश्न हा असा आहे. त्याला शोकाचा प्रश्न समजून चालत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कीं शर्यतीचे सायकलपटू आपला बूट पायडलाला अडकवूनच टाकतात. मग घसरण्याचा प्रश्न राहतो कोठें? म्हणणें खरें आहे. फ्रान्समधील लूक या कंपनीनें १९८४ सालीं बुटाच्या तळाशीं बसविलेल्या खुंटीनें पायडलांत अडकणारी रचना बाजारांत आणली, आणि १९८५ सालीं बर्नार्ड इनो यानें तिच्याच साहाय्यानें फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. तेव्हांपासून लांब पल्ल्याच्या शर्यतींत ही पद्धत रूढ आहे. याच नागपूर शहरांतील डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्यानें पुरी केली. अशा पल्ल्यांत तासन् तास पाय एका जागीं राहणें सोयीचेंच असतें. परंतु ज्याला दर वळणावर बैलगाडीसाठीं थांबावें लागतें, ज्याला खड्डा दिसतांच पाय खालीं टेकावा लागतो, त्याला पाय अडकवून चालत नाहीं. त्याच्यासाठीं सपाट, मोकळें पायडलच योग्य.

शिवाय सपाट पायडल म्हणजे गरिबीची तडजोड, अशीही समजूत करून घेऊं नये. डोंगराच्या खडकाळ उतारावर सायकल पिटाळण्याच्या शर्यतींत ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल हा २००७ आणि २०१० सालीं जगज्जेता झाला, आणि पुढें २०१७, २०१८ व २०१९ अशीं लागोपाठ तीन वर्षें एन्ड्युरो शर्यतींच्या जागतिक मालिकेंत पहिला आला. हें सारें त्यानें मोकळ्या, सपाट पायडलांवर साधलें. त्याच्या पायाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच होत्या: पायडलावरचे बारीक खिळे आणि बुटाच्या तळाचें रबर. म्हणून या दोन वस्तूंचें काम समजून घेतलें पाहिजे.

घर्षण म्हणजे दोन पृष्ठभागांची ओढ, असें शाळेंत शिकवितात. परंतु रबराचें घर्षण लांकडाच्या किंवा लोखंडाच्या घर्षणाहून निराळें आहे. रबर दोन रीतींनीं धरतें. पहिली रीत चिकटण्याची. मऊ रबर दुसऱ्या पृष्ठभागाला इतकें जवळ जाऊन बसतें, कीं दोहोंचे सूक्ष्म कण एकमेकांना ओढूं लागतात. दुसरी रीत दबण्याची. पायडलाचा दांता किंवा खिळा रबरांत रुततो. पाय सरकूं पाहतो तेव्हां त्या दांत्यासमोरचें रबर दबतें आणि मागें सावकाश वर येतें. या दबण्या-उठण्यांत सरकण्याची शक्ति खर्च होते आणि पाय अडतो. जें रबर चेंडूसारखें चटकन उसळतें, तें पायाला उसळीच देतें. जें संथपणें पूर्वस्थितीस येतें, तें पाय धरतें.

आतां मध्यें पाणी आलें म्हणजे काय होतें तें पाहावें. पाण्याचा पातळ थर रबराला पायडलाजवळ येऊंच देत नाहीं. चिकटण्याची रीत जवळ जवळ बंद पडते आणि उरते ती फक्त दबण्याची. म्हणून कोरड्या दिवशीं गुळगुळीत पायडलावर चांगला बसणारा बूट पावसांत दगा देतो. आणि म्हणूनच पावसाळ्यांत दातेरी पायडलाचें महत्त्व दुप्पट होतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. घर्षण भारावर अवलंबून असतें. चाक खड्ड्यांतून उसळलें, कीं क्षणभर पायावरचा भार नाहींसा होतो आणि त्याबरोबर पकडही जाते. खडबडीत रस्त्यावर टांच किंचित खालीं झुकवून ठेवली, तर पाऊल पायडलावर दाबलेलें राहतें आणि हा क्षण निभावतो. या युक्तीला पैसा पडत नाहीं.

बुटाच्या तळावरच्या नक्षीविषयीं मोठा गैरसमज आहे. खोल खांचांचा, राकट दिसणारा तळ तो अधिक धरणारा, असें गिऱ्हाइकाला वाटतें. या खोल खांचांचा इतिहास गिर्यारोहणाचा आहे. १९३५ सालीं इटलींतील एका शिखरावर सहा गिर्यारोहक मृत्यु पावले. त्यांच्या पायांतील पादत्राणें त्या थंडीला आणि बर्फाला पुरीं पडणारीं नव्हतीं. त्यांचा सोबती वितालें ब्रामानी यानें त्यानंतर रबराचा खोल खांचांचा तळ तयार केला आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. व्हिब्रम हें नांव त्याच्याच नांवावरून पडलें. चिखलांत, मुरमांत, बर्फांत हा तळ उत्तम. कारण तेथें खांचा जमिनींत रुततात. पण पायडल कांहीं मऊ जमीन नव्हे. त्यावर खोल खांचांचा तळ ठेवला, तर उंचवट्यांचीं टोकें तेवढीं टेकतात आणि बाकीचा तळ अधांतरीं राहतो. त्यांत काटोलची काळी माती त्या खांचांत भरून बसली, तर रबराच्या जागीं चिखलच पायडलाला लागतो. पायडलासाठीं तळ हवा सपाट, आणि त्यावर बारीक ठिपक्यांची किंवा षट्कोनांची उथळ नक्षी. अशा तळाला खिळे आणि दांते चांगले धरतात आणि माती एका फटक्यांत झटकली जाते.

आतां टिकाऊपणाकडे वळूं. कच्चें रबर उन्हांत चिकट होतें आणि थंडींत ठिसूळ होतें. अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें १८३९ सालीं गंधक आणि उष्णता यांच्या योगानें त्याला स्थैर्य आणण्याची कृति शोधली आणि १८४४ सालीं तिचें पेटंट घेतलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं असें आढळून आलें, कीं रबरांत बारीक काजळी मिसळली असतां तें झिजेला कितीतरी अधिक तोंड देतें. मोटारीचीं टायरें काळीं असतात तीं याच काजळीमुळें. गंधक, काजळी आणि तेल यांचें प्रमाण बदलून कारखानदार रबर हवें तितकें मऊ किंवा कठीण करतो. शोअर नांवाच्या मापानें ही कठीणता मोजतात. आंकडा लहान तितकें रबर मऊ. आणि वैर आहे तें येथेंच. सामान्यतः मऊ, संथ रबर अधिक धरतें आणि लौकर झिजतें; कठीण रबर अधिक दिवस चालतें आणि कमी धरतें. दोन्ही गुण पूर्णपणें एकाच तळांत मागणें म्हणजे एकाच झाडाला आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार भरघोस मागण्यासारखें आहे. बागाईतदार हें जाणतो, म्हणून तो एकाची निवड करतो.

या दृष्टीनें आपल्याकडील निरनिराळीं पादत्राणें पाहण्यासारखीं आहेत. कोल्हापुरी चप्पल ही कारागिरीची उत्तम वस्तु. वनस्पतींच्या सालींनीं कमावलेलें कातडें, चामड्याच्याच वादीची शिवण, खिळ्याचें नांव नाहीं. २०१९ सालीं महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांच्या नांवें तिला भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु भिजलेलें कातडें फुगतें आणि गुळगुळीत होतें. पावसांत सायकलीवर ती घालणें चपलेवरही अन्याय आणि पायावरही. जुन्या टायरापासून केलेली चप्पल वर्षानुवर्षें झिजत नाहीं, शेतांतल्या कांट्याला दाद देत नाहीं. पण तिचें रबर गाडीचा भार सोसण्यासाठीं केलेलें असतें, तें पायडलाच्या दांत्याला सहसा आंत घेत नाहीं, आणि टांच मोकळी असल्यानें पाऊल चपलेंतल्या चपलेंतच सरकतें. साधी रबरी सपात मऊ असते खरी, पण ती वळते, दुमडते आणि तिचा अंगठा भलत्याच वेळीं तुटतो.

शाळेच्या गणवेशांतील काळे बूट हा या सर्वांत विचार करण्याजोगा भाग. त्यांतील पुष्कळ स्वस्त बुटांचे तळ पी. व्ही. सी. या प्लास्टिकचे ओतलेले असतात. ते झिजत नाहींत, म्हणून पालकांना आवडतात. पण ओल्या पायडलावर आणि ओल्या फरशीवर ते रबराची बरोबरी करीत नाहींत, आणि थंडींत अधिकच कठीण होतात. धांवण्याच्या बुटांत ई. व्ही. ए. नांवाचा हलका फेस असतो. तो पायाला सुखाचा, परंतु पायडलाचे दांते त्याला कुरतडून काढतात. शिवाय तो इतका मऊ, कीं लांबच्या वाटेंत पायडलाची कडा तळव्याला टोंचूं लागते. त्यापेक्षां कॅनव्हासचा साधा खेळाचा बूट पुष्कळ बरा. त्याचा खऱ्या रबराचा सपाट तळ भट्टींत कापडालाच जडविलेला असला, तर तो सहसा सुटत नाहीं. आधीं फाटतें तें कापड. केवळ मोकळ्या पायडलांसाठीं बनविलेले बूटही आतां मिळतात. १९८५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या फाइव्ह टेन या कंपनीनें कडे चढणाऱ्यांसाठीं स्टेल्थ नांवाचें अतिशय धरणारें रबर काढलें आणि तेंच पुढें सायकलस्वारांच्या बुटांना लावलें. पकडीच्या बाबतींत हे बूट नांवाजलेले आहेत, पण त्यांची किंमत सामान्य घराला झेपणारी नाहीं, आणि टोंकदार खिळ्यांखालीं त्यांचा तळही कुरतडला जातोच. धरणारें रबर झिजतें, हा नियम महाग बुटालाही चुकत नाहीं.

मग टिकाऊपणा शोधावा कोठें? तळाच्या कठीणपणांत शोधूं नये. बांधणींत आणि निगेंत शोधावा. सायकलस्वाराचा बूट बहुधा चार ठिकाणीं मोडतो. चवड्याखालीं, जेथें पायडल रोज टेकतें, तेथें तळ खांचतो. बोटांशीं, जेथें बूट वळतो, तेथें तळ आणि वरचा भाग यांची सांधणी सुटते. आंतल्या घोट्याशीं क्रँकची दांडी घासून कड झिजते. आणि पुढच्या टोकाला, पाय घासत सायकल थांबविण्याच्या संवयीनें, रबर फाटतें. यांतील शेवटचा दोष बुटाचा नव्हे, ब्रेकचा. ब्रेक नीट असले तर तो उद्‌भवतच नाहीं. सांधणीचा दोष मोची पांच मिनिटांत टाळूं शकतो. केवळ डिंकानें चिकटविलेल्या तळाला नवेपणींच भोंवतीं मेणदोऱ्याची शिवण घालून घ्यावी. तळ सुटल्यावर घातलेल्या शिवणीपेक्षां ती कितीतरी अधिक टिकते. चवड्याखालीं खांच पडली, तर तेवढ्या जागेवर मऊ रबराचा तुकडा बसवून मिळतो. असें करणारा कारागीर बसस्थानकाजवळ किंवा बाजारांत बसलेला असतो. त्याच्या हाताला काम देणें हें बुटाचें आयुष्य वाढविण्याचें सर्वांत स्वस्त साधन आहे.

विदर्भाचा उन्हाळा हा बुटाचा छुपा शत्रु आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. अशा उन्हांत ओसरीवर टाकलेल्या बुटाचा डिंक सैल पडतो, आणि ऊन व हवा यांच्या माऱ्यानें रबराची कातडी कठीण होऊन तिला बारीक भेगा पडतात. तळ झिजलेला दिसत नाहीं, पण पकड गेलेली असते. पावसाळ्यांत भिजलेला बूट चुलीजवळ किंवा उन्हांत वाळत घालण्याची संवयही अशीच घातक. त्यांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे आणि सावलींत, वाऱ्यावर ठेवावा. पॉलियुरेथेन नांवाच्या पदार्थाचे तळ तर नुसते कपाटांत ठेवले तरी दमट हवेनें कांहीं वर्षांत भुगा होऊं लागतात. म्हणून ‘पुढच्या वर्षीं होतील’ असें म्हणून मोठ्या मापाचे बूट घेऊन ठेवण्यांत काटकसर नाहीं. शिवाय मापाहून मोठ्या बुटांत पाऊल सरकतें, आणि मग तळानें पायडल कितीही धरलें तरी उपयोग होत नाहीं.

पकडीचें अर्धें काम बुटाचें, तर अर्धें पायडलाचें. घरांत बूट नवे येतात आणि पायडल मात्र सायकल घेतली तेव्हांचेंच असतें. साध्या सायकलीच्या पायडलाला रबराचे दोन ठोकळे असतात. त्यांच्यावरच्या रेषा पुसून ते आरशासारखे गुळगुळीत झाले, कीं उत्तम बूटही तेथें हार खातो. हे ठोकळे किंवा सबंध पायडलाची जोडी बदलण्याचा खर्च बुटांच्या जोडापेक्षां बहुधा कमीच येतो. चिखलापाण्यांतून रोज जाणाऱ्यानें लोखंडी दातेरी कडांचें पायडल घ्यावें. लहान मुलांसाठीं मात्र फार टोंकदार खिळे नकोत, कारण घसरलेल्या पायाची नडगी त्यांच्याच तडाख्यांत सांपडते. आणि निघण्यापूर्वीं बुटाचा तळ दगडावर किंवा पायरीच्या कडेवर घासून माती काढावी. पूर्वीच्या घरांत उंबऱ्याबाहेर पाय पुसण्याची रीत होती. तीच सायकलीच्या उंबऱ्यावर पाळावयाची.

दुकानांत बूट निवडतांना तीन परीक्षा पुरेशा आहेत. पहिली नखाची: तळाच्या रबरावर अंगठ्याचें नख दाबावें, खूण उमटून सावकाश नाहींशी झाली तर रबर ठीक, नख सरकून गेलें तर तळ पायडलावरही सरकेल. दुसरी वांकविण्याची: बूट चवड्याशीं वांकावा, मध्यभागीं वांकूं नये, जो मध्यभागीं फडक्यासारखा दुमडतो, तो लांबच्या वाटेंत पाय दुखवील. तिसरी टांचेची: नाडी किंवा पट्टा बांधल्यावर टांच उचलून पाहावी, ती बुटांतून सुटूं नये. नाडी लांब असेल तर तिचीं टोकें आंत खोंचावीं, नाहींतर साखळी त्यांना ओढून घेते.

शेवटीं हिशेबाचा प्रश्न. एक जोड दोन वर्षें टिकतो पण पहिल्या पावसापासून घसरतो. दुसरा वर्षभरांत झिजतो पण रोज पाय धरून ठेवतो. दुकानदाराच्या वहींत पहिला स्वस्त ठरेल. घरच्या वहींत मात्र आणखी एक रकाना असतो, आणि त्यांत मुलाची नडगी, मनगट आणि परीक्षेच्या आठवड्यांत अंथरुणावर गेलेले दिवस लिहिले जातात. झिजलेला तळ बदलतां येतो, उसवलेली शिवण पुन्हां घालतां येते. मोडलेल्या हाडाच्या बाबतींत तेवढी सोय नाहीं. तेव्हां येत्या मृगापूर्वीं घरांतील सायकल एकदां अंगणांत काढावी, पायडलांवरून बोट फिरवावें, मुलांचे बूट उलटे करून त्यांचे तळ पाहावे, आणि जेथें गुळगुळीतपणा हाताला लागेल तेथें आधीं खर्च करावा.